मान नावाचा लेयर

अक्काच्या शिवणक्लासात पहिले पंधरा दिवस कुणालाही सुईला हात लावू दिला जात नसे. आधी नुसतं कापायचं, कापलेले तुकडे ज्या क्रमाने अंगावर चढणार त्या क्रमाने एकावर एक लावायचे आणि प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी अडकवायची. पाठ, पुढा, बाही, गळा, अस्तर. "आधी लावून घे, मग शिव," हे तिचं वाक्य इचलकरंजीतल्या पाच-सहाशे बायकांना अजून पाठ आहे. दुसरा नियम चिठ्ठीचा होता. वाचणाऱ्याला दुसरंच काही वाटेल असं चिठ्ठीवर लिहायचं नाही. एकदा एका नव्या मुलीने नवरीच्या ब्लाउजच्या तुकड्यावर, तो अस्तराच्या वर यायचा म्हणून, नुसतं 'वर' असं लिहिलं. दुसरीने तो तुकडा नवरदेवाचा समजून त्याच्या कपड्यांच्या गठ्ठ्यात बांधला, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीचा अर्धा ब्लाउज जयसिंगपूरला पोचला. अक्काने त्या मुलीला क्लासातून काढलं नाही. तिच्याकडून दोनशे चिठ्ठ्या लिहून घेतल्या.

ही अक्का म्हणजे इंदुमती बुगड. तिच्या कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांशी खेळत वाढलेली तिची धाकटी बहीण वृषाली. दोघींत सतरा वर्षांचं अंतर. वृषाली महिन्याची असताना आई गेली, वडिलांनी वर्षाच्या आत दुसरा संसार थाटला, आणि अक्काने लग्न न करता बहिणीला वाढवलं. गल्लीने अक्काला देवी ठरवून टाकलं. देवीच्या घरात राहणाऱ्याचं काय होतं, ते गल्लीने विचारलं नाही.

कारण देवीकडे एक 'च्च' होतं. जीभ टाळूला लावायची, हनुवटी जराशी वर उचलायची आणि 'च्च'. तोंडाने 'नाही' म्हणण्याइतकेही कष्ट अक्का घेत नसे. मुंबईच्या कला महाविद्यालयात वृषालीचा नंबर लागला, तेव्हा 'च्च'. हेमंत मगदूम चांगले कपडे करून, पेढे घेऊन मागणी घालायला आला, तेव्हा 'च्च', आणि वर त्याला चहा. बंगळुरूच्या स्टुडिओचं पत्र आलं, तेव्हा अक्का काज करत होती. तिने मान वर करून पत्र पाहिलंसुद्धा नाही. कारण कधी सांगितलं नाही, आणि वृषालीने कधी विचारलं नाही. बेचाळिसाव्या वर्षीही ती त्याच घरात, त्याच टेबलावर, कापडाऐवजी पडद्यावर चित्रं काढत बसलेली होती.

२०४० च्या दिवाळीत, ऑर्डरींच्या ऐन गर्दीत, अक्का त्या टेबलावर कोसळली. मेंदूच्या देठात गुठळी झाली होती. विचार शाबूत, कान शाबूत, पण अंगातली एक पापणीही तिच्या हुकमात उरली नाही. वृषालीने तीन वर्षं नळीने भरवलं, दर दोन तासांनी कूस बदलली, न मिटणाऱ्या डोळ्यांत थेंब घातले. दुपारचे तीन तास अक्काची जुनी विद्यार्थिनी नसीम मुजावर येऊन बसायची, तेवढाच काय तो वृषालीला मोकळा श्वास.

अशा माणसांसाठी 'मुखर' नावाचं यंत्र आलं, आणि वृषालीला त्याच कंपनीचं काम मिळालं, हा योगायोग नव्हता. चेहरे काढणाऱ्यांचा तुटवडाच होता.

यंत्राची गोष्ट तशी सरळ आहे. मेंदू अजूनही हुकूम सोडत असतो, 'मान वळव' म्हणून. तो हुकूम देठापाशी येऊन मरतो. कवटीखाली, मेंदूच्या पृष्ठावर केसाइतक्या बारीक तारांची जाळी बसवली, की हुकूम मरण्याआधीच पकडता येतो आणि पडद्यावरच्या चेहऱ्याला देता येतो. सुरुवातीला पडद्यावर पेशंटचा हुबेहूब फोटोतला चेहरा असायचा. तो हलायला लागला की घरची माणसं खोलीबाहेर पळायची. चित्रातल्या चेहऱ्याला मात्र कुणी भीत नाही. म्हणून चित्र, आणि तेही वेक्टर. असलं चित्र ठिपक्यांचं बनत नाही. रेषा कुठून निघते, किती वळते, कुठे थांबते, हे त्यात गणिताने लिहिलेलं असतं, आणि म्हणून भुवई, पापणी, बुबुळ, ओठ, सगळं सुटं उचलता येतं.

पण सुटं असणं वेगळं आणि नीट लावलेलं असणं वेगळं. चेहऱ्याचा प्रत्येक तुकडा आपापल्या लेयरवर हवा, कोण कुणाच्या वर, कोण कुणाच्या पोटात, हे आधी ठरलेलं हवं. पापणी बुबुळाच्या खाली राहिली, तर डोळा मिटल्यावरही बुबुळ टक लावून बघत राहतं. खालचे दात जबड्याच्या पोटात घातले नाहीत, तर तोंड उघडलं की ते जागीच लटकतात. आणि प्रत्येक लेयरला नाव लागतं. 'मुखर' हे नाव वाचूनच ठरवतं, की कुठला हुकूम कुठल्या तुकड्याला द्यायचा आणि त्या तुकड्याने काय करायचं. कंपनीच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असायचं, 'आता नावं तुमच्या भाषेत'. बाकीचे चित्रकार शहाणे होते, ते कंपनीच्या यादीतले आकडे टाकून मोकळे व्हायचे. साठ चेहरे वृषालीनेही तसेच केले.

एकसष्टावा चेहरा अक्काचा होता. तिथे मात्र तिचा हात आकडे टाकायला वळेना. अक्काचा चेहरा अक्काच्या पद्धतीने, असं म्हणून तिने दोनशे चौदा लेयर लावले आणि एकेकाला चिठ्ठी लिहावी तसं नाव दिलं. कपाळ. डावी भुवई. गालावरचा तीळ. वरचे दात. दातांमागे जीभ, तीसुद्धा मन लावून काढली, जरी तिच्यापर्यंत एकही हुकूम पोचणार नव्हता. अक्काच्या मेंदूतून स्वच्छ येत होता तो एकच हुकूम, मानेचा. वर-खाली आणि आडवा. पापण्यांची उघडझाप, श्वास, होकार देताना ओठांवर येणारं हसू, हे सगळं यंत्र पदरचं घालतं, चेहरा मेल्यासारखा दिसू नये म्हणून.

हनुवटीखालच्या लेयरला तिने नाव दिलं 'मान'.

चेहरा चालू केला तो रविवार होता. पलंगाच्या उशाशी पडदा टांगलेला, त्यावर अक्का: चापून बांधलेला अंबाडा, चष्मा, तीळ. खाली पलंगावर खरी अक्का छताकडे बघत पडलेली. नसीम आली होती, गल्लीतल्या चार बायका दारात उभ्या होत्या.

"अक्का," नसीम वाकून म्हणाली, "मी नसीम. ओळखलंस?"

पडद्यावरची मान हलली. होय. ओठांवर हसू आलं. दारातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

"अगं बाई! होय म्हणाली की! अक्का, जिभेवर चहाचे दोन थेंब सोडू का गं? गुळाचा केलाय."

होय.

नसीम रडता रडता हसायला लागली. "गुळाचा चहा! आयुष्यभर कपाला शिवली नाही. चिखल म्हणायची." तिने कापसाच्या बोळ्याने अक्काच्या जिभेवर चहा सोडला. "छान लागला?"

होय.

तासाभरात गल्लीभर झालं, की अक्का बोलायला लागली आणि मवाळ झाली. दारातल्या एका बाईने लांबूनच विचारून घेतलं, की तिच्या सुनेने लावलेली जाळीची बाही चालेल का. अक्काच्या क्लासात जाळीचं नाव काढायची सोय नव्हती. अक्का तिलाही होय म्हणाली.

सगळे गेल्यावर वृषालीने यंत्राची नोंदवही उघडली. प्रत्येक हुकूम कुठून निघाला आणि कुठे पोचला, ते त्यात दिसतं. गुळाच्या चहाच्या वेळी निघालेला हुकूम होता: हनुवटी वर, झटक्याने. म्हणजे 'च्च'. जाळीच्या बाहीच्या वेळीही तोच, जास्त जोराचा. हुकूम बरोबर निघाले होते, बरोबर पकडले गेले होते, आणि 'मान' नावाच्या लेयरपाशी येऊन होकार झाले होते.

तिला कळायला पाच मिनिटं लागली. कळल्यावर ती मोठ्याने हसली. यंत्राच्या कोशात 'मान' या शब्दाचे अर्थ होते तीन. एक, धड आणि डोकं जोडणारा अवयव. दोन, आदर. तीन, 'मानणे' या क्रियापदाची आज्ञा: मान, म्हणजे मान्य कर. मुक्या माणसांच्या होय-नाहीसाठी बनवलेलं यंत्र, त्याने तिसरा अर्थ उचलला. हा तुकडा मान्य करण्यासाठी आहे, असं त्याने पक्कं केलं, आणि त्या तुकड्याला मिळालेला कुठलाही हुकूम मान्य करून टाकला. वाचणाऱ्याला दुसरंच काही वाटेल असं लिहायचं नाही, म्हणून दोनशे चिठ्ठ्या लिहून घेणाऱ्या बाईच्या गळ्यात तिच्याच बहिणीने चुकीची चिठ्ठी अडकवली होती.

उपाय सोपा होता. 'मान' खोडायचं, 'गळा' लिहायचं. तिने नावावर बोट ठेवलं, अक्षरं निळी झाली.

मग तिने मागे वळून पलंगाकडे पाहिलं. "अक्का," ती म्हणाली, आणि आपण काय विचारणार आहोत ते तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, "मी मुंबईला जायला पाहिजे होतं. नाही का?"

पडद्यावरची अक्का हसली आणि मान डोलावली.

खोटं आहे, हे वृषालीला ठाऊक होतं. तरी तिच्या छातीत असं काही सैल झालं, की ती खुर्चीवर बसून राहिली. चोवीस वर्षं वाट पाहिलेली ती हालचाल होती. बोट तिने काढून घेतलं. उद्या बदलू, असं ठरवलं. माणूस पाप करताना बहुतेक वेळा असंच काहीतरी ठरवतो.

उद्या आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी तिने हेमंतचं विचारलं. चांगला होता ना गं मुलगा? होय. तिसऱ्या दिवशी बंगळुरूचं. मग रोज एक, भाजी निवडताना, कूस बदलताना. तुझंच चुकलं ना? होय. माझी चित्रं तुझ्या ब्लाउजांपेक्षा चांगली ना? होय. तू मला घाबरत होतीस ना, मी निघून जाईन म्हणून? होय, होय. नोंदवहीत हनुवटीचे झटके चढत होते. अक्काला सगळं ऐकू येत होतं. आपण नाही म्हणतोय आणि बहीण 'बघ, कबूल केलंस' म्हणतेय, हे ती छताकडे बघत ऐकत होती. हे वृषालीला ठाऊक होतं, म्हणूनच त्यात गोडी होती. ती चांगली बाई होती असं मी म्हणणार नाही. तीन वर्षं दुसऱ्याचं मलमूत्र काढलेल्या माणसाला चांगुलपणाची परीक्षा द्यायला बोलावू नये, एवढंच म्हणतो.

बाराव्या दिवशी अक्का हलायची थांबली. वृषालीने विचारलं, मान हलली नाही. पुन्हा विचारलं. पडद्यावरचा चेहरा नुसता श्वास घेत राहिला. नोंदवही कोरी. काहीही केलं तरी त्याचा होकार होतोय, हे त्या बाईने ओळखलं होतं, आणि उरलेली एकुलती एक गोष्ट करायची सोडून दिली होती.

नसीमच्या लक्षात यायला वेळ लागला, पण आलं. वृषालीला उत्तर देणं थांबवलं, तरी अक्का तिच्याशी मात्र अधूनमधून मान हलवायची. एके दुपारी नसीमने विचारलं, "अक्का, मी क्लासात शिवलेली पहिली बाही चांगली होती?" होय. नसीम तडक स्वयंपाकघरात आली.

"वृषाली, ते यंत्र बिघडलंय. ती बाही अक्काने माझ्यासमोर उसवली होती. पोत्याला लाव म्हणाली होती."

"माणूस बदलतं, नसीम."

"अक्का?" नसीम म्हणाली. "एकदा तू बघ तरी उघडून."

"बघितलंय. लेयर सगळे बरोबर आहेत," वृषाली म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

ती असं म्हणाली, कारण त्याच सकाळी पुण्याहून निरोप आला होता. कंपनीचे संचालक टिपणीस मराठीच्या सगळ्या चेहऱ्यांचा विभाग तिच्या हाती द्यायला तयार होते. पहिल्या तारखेला हजर व्हायचं, पुण्यात राहायचं. घर सोडून जायची ही चौथी संधी होती, आणि हिच्या वाटेत 'च्च' आडवं येणार नव्हतं. आडवा होता तो कायदा. असं माणूस घरातून शुश्रूषा केंद्रात हलवायचं, तर त्याची स्वतःची संमती हवी, संमती अधिकाऱ्यासमोर, 'मुखर'वर नोंदलेली. केंद्र आजऱ्याच्या पुढे होतं, स्वच्छ होतं. अक्काने तिथे जायला कधीच होकार दिला नसता. या घरात तिचं टेबल होतं, नसीम होती, खिडकीतून जुन्या विद्यार्थिनींनी चालू ठेवलेल्या क्लासच्या मुलींच्या पायमशिनी ऐकू यायच्या. आणि वृषाली होती.

संमती अधिकारी खोत बाई ठरल्या दिवशी अकरा वाजता आल्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, हातात अर्ज. त्यांनी आधी पलंगावरच्या अक्काला नमस्कार केला, ही गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी.

"तीन प्रश्न असतात," त्या म्हणाल्या. "पहिले दोन ओळखीचे, तिसरा संमतीचा. तिसऱ्याला दोन मिनिटं वाट बघायची. हालचाल झाली नाही तर निरुत्तर, मग सहा महिन्यांनी परत."

"बाई," नसीम दारातून म्हणाली, "एक खोटा प्रश्न विचारा की. तुम्ही पुरुष आहात का, असं काहीतरी. नाही म्हणते का बघा."

"अर्जात तसा प्रश्न नाही."

"पण तिला नाही म्हणता येत नसेल तर?"

"होय म्हणता येतं त्याला नाही म्हणता येतंच की हो," खोत बाई समजुतीने म्हणाल्या. अर्ज तयार करणाऱ्यांनाही तसंच वाटलं असणार.

"तुमचं नाव इंदुमती बुगड का?"

अक्काने होय म्हटलं. सरळ, शांत. वृषालीने नोंदवहीत पाहिलं: खरा होकार होता.

"हे तुमचं राहतं घर का?"

होय.

"इथून आजऱ्याच्या केंद्रात जायला तुम्ही स्वखुशीने तयार आहात का?"

चेहरा थांबला. श्वास, उघडझाप, आणखी काही नाही. अर्धं मिनिट गेलं. खोत बाई घड्याळाकडे बघत होत्या. एक मिनिट. नसीमने पदर तोंडाशी धरला होता. ती पुटपुटली, "बघा, ती जात नाही म्हणतेय."

"न हलणं म्हणजे नाही, असं धरता येत नाही," खोत बाई म्हणाल्या. "मी निरुत्तर लिहीन."

सहा महिने. पहिली तारीख नऊ दिवसांवर होती. वृषालीला कळलं, की ही बाई हाडामांसाची एक पेशीही न हलवता तिला पुन्हा एकदा 'च्च' म्हणतेय, आणि पुन्हा एकदा जिंकतेय. तिला हेही कळलं, की अक्काकडून कसलंही 'नाही' निघालं की काम होईल. कशालाही. फक्त ते आवरता न येण्यासारखं हवं.

ती उठली. रुमालाने अक्काच्या ओठांची कड पुसायला वाकली. तोंड कानाशी नेलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली:

"अक्का, एकच खरं सांग. तुला माझी माया कधी नव्हतीच ना? मी गळ्यात पडलेली धोंड होते तुझ्या. आई मेली म्हणून ठेवून घेतलंस. एवढंच ना?"

पडद्यावरची मान हलली.

एकदा नाही, दोनदा नाही. ती हलतच राहिली. वर-खाली, वर-खाली, चष्मा नाकावरून घसरेल अशी, आणि ओठांवर यंत्राने घातलेलं ते हसू रुंद होत गेलं. होय, होय, होय, होय. खाली पलंगावर खरी अक्का छताकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे चाललं होतं, पण डोळ्यांतून पाणी तीन वर्षं येतच होतं, डॉक्टर त्याला काही अर्थ देत नसत.

त्या खोलीत त्या होकाराचा अर्थ फक्त एका माणसाला वाचता येत होता. नाही, असं अक्का म्हणत होती. नाही, नाही, नाही, बाळा, नाही. बेचाळीस वर्षांत तिने जे एकदाही सांगितलं नव्हतं, ते ती आता ओरडून सांगत होती. वृषाली वाकलेलीच राहिली. त्या क्षणी तिने हात वर केला असता, 'थांबा' म्हटलं असतं, तर सगळं मागे फिरलं असतं. तिने रुमालाची घडी घातली.

"अहो, किती मनापासून!" खोत बाई म्हणाल्या. त्यांनाही भरून आलं होतं. "मी इतक्या संमत्या घेतल्या, असा होकार पाहिला नाही. नोंद झाली हं."

नसीमने चपला घातल्या आणि ती निघून गेली. ती परत आली नाही, निरोपालाही नाही.

अक्का आजऱ्याला गेली. वृषाली पुण्यात नव्या खोलीत राहायला लागली, नव्या टेबलाशी बसायला लागली. दर रविवारी ती केंद्राच्या पडद्यावर अक्काला भेटायची. "बरी आहेस ना?" होय. "जेवलीस?" होय. पुढे पुढे हेही थांबलं. तिथल्या नर्स म्हणायच्या, आजी फार शांत आहेत, सगळ्यांत गुणी पेशंट. बाकीचे किती नकार देतात, औषधाला, अंघोळीला, भेटायला आलेल्यांना. आजी कधी नाही म्हणाल्या नाहीत. कुणी विचारलं आणि आजींना राहवलं नाही, तर हसून होय.

केंद्रात येणारे नातेवाईक अक्काच्या पलंगापाशी थांबायला लागले. आमच्या आईचा चेहरा का नाही असा, म्हणून विचारायला लागले. आमची नुसती कपाळाला आठ्या घालते. आमचे बाबा सारखे नको म्हणतात. हाच चेहरा लावा की.

चार महिन्यांनी टिपणीसांनी वृषालीला आपल्या खोलीत बोलावलं. तिशीतला, चटपटीत माणूस, सगळ्यांशी गोड. त्याच्या टेबलावरच्या पडद्यावर अक्काच्या चेहऱ्याची फाईल उघडी होती. दोनशे चौदा लेयर, ओळीने, नीट लावलेले.

"वृषालीताई, तुमच्या फाईलमध्ये काय जादू आहे ते आमच्या इंजिनियरांना सापडत नाहीये," तो म्हणाला. "पण घरची माणसं खूश आहेत, केंद्रं खूश आहेत. मी ठरवलंय, यापुढे मराठीतले सगळे चेहरे याच बांधणीवर. सध्या चारशे बारा पेशंट थांबलेत. तुम्ही विभागप्रमुख, लेयर बरोबर लावलेत एवढं तुम्ही सांगायचं."

वृषाली पडद्याकडे बघत होती. एकशे सत्याण्णवाव्या ओळीवर ते नाव होतं, दोन अक्षरांचं. खोडून 'गळा' लिहायला तिला क्षणभर पुरला असता. ती दुरुस्ती तासाभरात आजऱ्यालाही पोचली असती. अक्काची हनुवटी वर उचलली गेली असती, आणि पहिलं 'नाही' कशाला असेल, हे वृषालीला माहीत होतं. मग खोत बाईंची नोंद उघडली गेली असती. आणि ते उत्तर ऐकायला तिला अक्कासमोर उभं राहावं लागलं असतं.

चारशे बारा माणसं. उठवू का, झोपवू का, भरवू का, थांबवू का, असे प्रश्न त्यांना कुणीतरी विचारणार होतं. आणि घरोघरी त्यांची हसरी उत्तरं मिळणार होती.

"मग?" टिपणीसने विचारलं. "हीच सगळ्यांना लावू ना?"

तिची जीभ टाळूला जाऊन लागली. हनुवटी जराशी वर उचलली गेली, अगदी अक्काची उचलली जायची तशी. आवाज ओठांपर्यंत आला होता.

मग वृषालीने मान हलवली. वर-खाली, दोनदा, आणि वर थोडं हसलीसुद्धा.

"वा," टिपणीस फाईल मिटत म्हणाला. "अगदी तुमच्या अक्कांसारखी मान हलवता हो तुम्ही."